धुक्याचे पांघरूण आणि न घ्यायची नावे : आयल ऑफ मॅन बेटावरच्या लोकसमजुती

लष्करकर (धागाकर्ता)

गेले चार दिवस आमच्या लष्कर भागात, म्हणजे ग्वाल्हेरात, सूर्यदर्शन नाही. सकाळी नऊ वाजले तरी समोरच्या घराची गच्ची दिसत नाही, दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या पाच-पाच तास उशिराने येत आहेत, आणि एरवी आमच्या गच्चीतून एका नजरेत न मावणारा किल्ला कोणी ओल्या फडक्याने पुसून टाकावा तसा नाहीसा झाला आहे. काल सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभी असलेली सौ. सहज म्हणाली, "मॅनॅननने पांघरूण घातलं वाटतं." हे वाक्य ग्वाल्हेरच्या एका मराठी घरात कसे येऊन राहिले, ते सांगण्यासाठी हा धागा काढत आहे.

आमची मुलगी आयल ऑफ मॅन या बेटावर नोकरी करते. गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आम्ही दोघे तिच्याकडे डग्लस या गावी राहून आलो. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातले हे बेट जेमतेम ५७२ चौरस किलोमीटरचे असून तेथे सुमारे ८४,००० माणसे राहतात. ब्रिटनचा राजा त्यांचा प्रमुख असला तरी बेट ब्रिटनचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद, स्वतःचे कायदे आणि मँक्स नावाची स्वतःची भाषा आहे. स्नेफेल हे सर्वांत उंच शिखर ६२१ मीटरचे आहे. हवा स्वच्छ असेल तर त्याच्या माथ्यावरून सात राज्ये दिसतात, असे तेथले लोक सांगतात. मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड ही पाच, सहावे स्वर्गाचे आणि सातवे समुद्राचे. आम्ही गेलो त्या दिवशी आम्हांला त्यांपैकी एकही दिसले नाही, कारण मॅनॅनन जागा होता.

मॅनॅनन मॅक लिर हा समुद्राचा देव आणि बेटाचा पहिला राजा मानला जातो. शत्रूची गलबते दिसली की तो आपला धुक्याचा झगा बेटावर पसरायचा आणि शत्रूला समोर नुसते पाणी दिसायचे. तेवढ्याने भागले नाही तर टेकडीवर उभा केलेला एकच माणूस शंभर माणसांसारखा भासवण्याची विद्याही त्याच्याजवळ होती. या राखणदारीचा मोबदला म्हणून तो प्रजेकडून सोने मागत नसे, धान्य मागत नसे. दरवर्षी उन्हाळ्याच्या मध्याला प्रत्येकाने हिरव्या लव्हाळ्याची एक पेंढी साउथ बॅरूल या डोंगरावर नेऊन टाकायची, एवढाच त्याचा सारा होता. आजही समुद्रावरून धुके चढू लागले, विमाने रखडली, की दुकानातली बाईसुद्धा मॅनॅननच्या झग्याचे नाव काढते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. तिकडच्या लोकांना आपल्या दंतकथा सांगायला बसवले तर ते फारसे बोलत नाहीत, पण त्यांच्या रोजच्या बोलण्यात काही शब्दांचे पथ्य इतके काटेकोर पाळले जाते की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. मुलीच्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई राहतात. एके दिवशी मागच्या अंगणातल्या लाकडाच्या ढिगाऱ्यात मला उंदीर दिसला आणि मी कुंपणावरून त्यांना तसे इंग्रजीत सांगितले. त्यांच्या हातातली कपडे वाळत घालायची टोपली तशीच थांबली. त्यांनी कुंपणाच्या लाकडाला बोटे टेकवली आणि अतिशय मृदूपणे, लहान मुलाला सांगावे तसे, मला म्हणाल्या की आम्ही इथे तो शब्द घेत नाही, 'लाँगटेल' म्हणतो. लाँगटेल म्हणजे लांब शेपटीचा. मी घरात येऊन सौ.ला हे सांगितले तर तिला क्षणभरही नवल वाटले नाही. ती म्हणाली, "अहो, म्हणजे आपलं लांबडंच की!"

ते ऐकून मी खुर्चीत बसलो. रात्रीच्या वेळी साप म्हणायचे नाही, लांबडे म्हणायचे किंवा जनावर म्हणायचे, हे मला माझ्या आजीने शिकवले होते. सात समुद्रांपलीकडे एक म्हातारी त्याच युक्तीने तोच धोका टाळत होती. ज्याची भीती वाटते त्याचे नाव घेतले तर ते आपल्याला हाक मारली असे समजून येते, ही समजूत दोन्हीकडे सारखी.

दुसरा अनुभव बसमधला. डग्लसहून कॅसलटाऊनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक अगदी लहानसा दगडी पूल लागतो. या पुलाखाली 'ते' राहतात. मी मुद्दाम 'ते' लिहीत आहे. आपण ज्यांना परी म्हणतो त्यांचे नाव न घेता मँक्स लोक 'ती मंडळी' असे म्हणतात, किंवा मँक्स भाषेत 'मुंजर वेगा', म्हणजे लहान माणसे. पुलावरून जाताना त्यांना नमस्कार करायचा, नाहीतर प्रवासात काही ना काही विघ्न येते. आमच्या बसमध्ये पुढच्या बाकावर शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली फोनमध्ये मान घालून बसल्या होत्या. पूल आला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, पण दोघींचेही ओठ हलले. आपण वाटेत देऊळ लागले की गाडीतून हात छातीला लावतो, अगदी तसे.

माझी विनंती अशी की आपापल्या घरांतली न घ्यायची नावे आणि न बोलायचे शब्द येथे लिहावेत, आणि या बेटाबद्दल कोणाला अधिक माहिती असल्यास तीही द्यावी.


मुरारच्या मावशी

लष्करकर, तुमच्या सौभाग्यवतींनी बरोबर ओळखले. आमच्या घराण्याला ग्वाल्हेरात येऊन सात पिढ्या झाल्या, मुलेबाळे आपसांत हिंदी बोलतात, पण हे पथ्य अजून मराठीतच पाळले जाते. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बांगडी फुटली म्हणायचे नाही, वाढवली म्हणायचे. डब्यातले कुंकू संपत नाही, ते वाढते. घरातून निघताना जाते म्हणायचे नाही, येते म्हणायचे. माझी दिल्लीची सून पहिल्यांदा "मम्मीजी, मैं जाती हूँ" म्हणाली तेव्हा मी तिला उंबऱ्यावरून परत बोलावले होते आणि "येते" एवढा एक मराठी शब्द शिकवला होता. आज वीस वर्षे झाली, तिला मराठी फारसे येत नाही, पण तो एक शब्द ती चुकत नाही.

मला विचारायचे आहे ते थोडे जड आहे. घरात माणूस गेले की त्या जागी आपण पीठ पसरतो, पणती ठेवतो, वर टोपली झाकतो आणि दुसऱ्या दिवशी पिठावर कसले पाऊल उमटले ते पाहतो. त्या बेटावर असे काही करतात का?


लष्करकर

मावशी, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला, कारण याचे उत्तर हो असे आहे.

३१ ऑक्टोबरच्या रात्रीला ते 'हॉप-टू-ने' म्हणतात. पूर्वी ही त्यांच्या जुन्या वर्षाची शेवटची रात्र होती. त्या रात्री घरातली बाई चुलीतली राख जमिनीवर सारखी पसरून ठेवायची आणि पहाटे उठून तीत पाऊल उमटले आहे का ते पाहायची. पावलाची बोटे दाराकडे असतील तर वर्षभरात घरातले कोणी जाणार, आणि आतल्या बाजूला असतील तर पाळणा हलणार. आपल्याकडे गौरी येतात तेव्हा दारापासून आत येणारी पावले काढतात. पाऊल कोणीकडे वळले आहे यावर सगळा अर्थ अवलंबून असतो, ही गोष्ट तुम्हांला वेगळी सांगायला नको.

त्याच रात्री मुली 'मुकी भाकरी' खात. पीठ, मीठ आणि चुलीतली काजळी कालवून निखाऱ्यांवर भाजलेली ती भाकरी एक अक्षरही न बोलता खायची आणि पाठमोरे चालत जाऊन झोपायचे, म्हणजे स्वप्नात होणारा नवरा दिसतो. आता राख आणि भाकरी गेली आहे, पण मुले मोठे सलगम कोरून त्यात दिवा लावतात आणि जिनी नावाच्या चेटकिणीचे गाणे म्हणत दारोदार हिंडतात. मुलीने त्याचा व्हिडिओ पाठवला तेव्हा मला आपल्याकडचे टेसू (काड्यांवरचा मातीचा पुतळा) आणि झांझी (भोके पाडून आत दिवा ठेवलेले मडके) आठवले. दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत हातात टेसू घेऊन दाराशी अडून बसणारी आपल्या गल्लीतली मुले आणि सलगमाचा कंदील हातात धरलेली ती मुले यांच्या चेहऱ्यांत मला काही फरक दिसला नाही.

३० एप्रिलची संध्याकाळ मात्र आम्ही प्रत्यक्ष पाहिली. शेजारच्या बाई रोवन नावाच्या झाडाच्या दोन डहाळ्या घेऊन आल्या. त्यांनी त्या हातानेच मोडल्या होत्या, कारण या कामात सुरी चालत नाही. दोन्ही डहाळ्या एकमेकींवर आडव्या धरून त्यांनी कुंपणाच्या तारेला अडकलेली मेंढीची लोकर बोटांनी पिळून तिचा दोरा केला आणि मधोमध गुंडाळला. लोकर पिवळट होती, तिला मेंढीचा वास येत होता, आणि बाईंची बोटे संधिवाताने वाकडी झाली असूनही गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली. हा क्रूस, त्याला ते 'क्रॉश किर्न' म्हणतात, आमच्या मुलीच्या दाराच्या आतल्या बाजूला वर लावला गेला. तो वर्षभर तेथेच राहतो आणि पुढच्या वर्षी नवा येतो. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, हे पाळत मोठी झालेली माझी बायको त्यांच्या शेजारी उभी राहून एकेक हालचाल निरखत होती. त्या दोघींना एकमेकींची भाषा धड कळत नव्हती, पण सुरी का नको हे तिने त्यांना विचारले नाही.


हवामानवेडा

धुक्याबद्दल थोडे लिहितो, कारण ग्वाल्हेरचे धुके आणि त्या बेटाचे धुके ही दोन निरनिराळ्या जातींची आहेत.

आपले जानेवारीचे धुके जमिनीवर जन्मते. रात्री आकाश मोकळे आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता भराभर सोडते, तिच्या लगतची दमट हवा थंड होते आणि तेथल्या तेथे धुके धरते. ऊन चढले की ते विरते, वारा सुटला तरी ते जाते. बेटाचे धुके बाहेरून येते. हिवाळ्यात गार झालेला समुद्र वसंत ऋतूतही तापत नाही, मार्च-एप्रिलमध्ये पाणी आठ अंशांच्या आसपासच असते. त्यावरून नैर्ऋत्येची उबदार, दमट हवा वाहत आली की खालून गार होऊन तिचे धुके बनते आणि ते वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर चढते. म्हणजे वारा असूनही हे धुके टिकते, किंबहुना वाराच ते आणतो. ज्या लोकांनी क्षितिजावरून चालत येणारी ती पांढरी भिंत पिढ्यान्‌पिढ्या पाहिली त्यांना कोणीतरी झगा ओढत आणतो आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे धुके पडते, तिकडे ते येते. त्यामुळेच आपल्याकडे त्याचा देव झाला नसावा.


साशंक

धागा मनापासून वाचला, तरी एक आक्षेप नोंदवतो. 'ती मंडळी' राहतात तो पूल आता पर्यटकांचा झाला आहे. तेथे पाटी आहे, लोक चिठ्ठ्या आणि नाणी ठेवून जातात, फोटो काढतात. खरा पूल दुसराच असून तो क्यूएग नावाच्या ठिकाणी झाडीत लपलेला आहे, असे बेटावरचेच लोक सांगतात. उंदराचे म्हणाल तर तो शब्द टाळणे हे मुळात खलाशांचे पथ्य होते आणि ते फक्त समुद्रावर पाळत. जमिनीवरच्या सर्वांनी तो शब्द टाकला ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. अशी अलीकडची सवय आणि तुमच्या आजीची शिकवण यांना एका तागडीत घालावे का?


लष्करकर

साशंक, तुमची माहिती बरोबर आहे आणि ती मी मूळ लेखात द्यायला हवी होती. समुद्रावर उंदराचे नाव घ्यायचे नाही हा नियम कोळ्यांचा होता. त्यांचे आणखीही नियम होते. गारगोटीचा पांढरा दगड नावेत चालत नसे. बंदरातून तिसरी निघणारी नाव अपशकुनी मानत, त्यामुळे दुसरी आणि तिसरी नाव एकमेकींना बांधून एकदमच बाहेर काढत, म्हणजे तिसरे कोणीच उरत नसे. तीन तिगाडा म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ही तोड आवडावी.

परंतु तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कोळ्यांच्या नावा कमी झाल्या, तसे त्यांचे पथ्य मरून जायला हवे होते. ते मेले नाही, उलट किनाऱ्यावर उतरून शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि बँकेतल्या मुलींच्या तोंडी बसले. हे ज्या काळात घडले तो काळही पाहा. त्याच काळात त्यांची भाषा हातातून निसटत होती. मँक्स ही मातृभाषा असलेला शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, २७ डिसेंबर १९७४ रोजी वारला. २००९ मध्ये युनेस्कोने भाषा मृत झाल्याचे नोंदवले, तेव्हा २००१ पासून चालू असलेल्या मँक्स माध्यमाच्या शाळेतल्या मुलांनी त्याच भाषेत पत्रे लिहून विचारले की मग आम्ही ही पत्रे कोणत्या भाषेत लिहीत आहोत? ती नोंद बदलावी लागली. भाषा जात असताना माणसे जे काही हाती लागेल ते घट्ट धरतात. मावशींच्या सुनेच्या तोंडचा 'येते' हा शब्द वीस वर्षांपूर्वीचाच आहे, म्हणून तो खोटा ठरत नाही.


पुस्तककीटक

या बेटाची सर्वांत प्रसिद्ध भुताची कथा राहिली, ती थोडक्यात सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर पील गावाशेजारी एका लहानशा बेटावर किल्ला आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज होते त्या सुमारास, तेथल्या चौकीच्या खोलीत रोज दिवेलागणीला एक काळा, झिपरा कुत्रा येऊन शेकोटीपुढे बसायचा आणि उजाडायला निघून जायचा. त्याला 'मॉदा डू', काळा कुत्रा, एवढेच म्हणत. शिपायांना त्याची सवय झाली होती, तरी त्याच्यासमोर कोणी शिवी देत नसे, आणि रात्री किल्ल्याच्या चाव्या कप्तानाकडे पोहोचवायला जुन्या चर्चमधल्या बोळातून दोघे मिळून जात. एका रात्री एक शिपाई दारूच्या नशेत एकटा निघाला. कुत्रा उठून त्याच्यामागे गेला. मोठा आवाज झाला. शिपाई परत आला तेव्हा त्याची वाचा गेली होती, आणि तिसऱ्या दिवशी तो काही न सांगता मेला. तो बोळ पुढे बंद करून टाकला. जॉर्ज वॉल्ड्रन याच्या १७३१ मध्ये छापल्या गेलेल्या वर्णनात ही हकीकत आली आहे.

दुसरी हकीकत आपल्याशी नाते सांगणारी आहे. १९३१ मध्ये डाल्बी गावाजवळच्या एका एकाकी शेतघरात, अर्विंग कुटुंबाच्या भिंतीच्या लाकडी फळ्यांमागून कोणीतरी बोलू लागले. आपण मुंगूस आहोत, आपले नाव जेफ आहे आणि आपला जन्म ७ जून १८५२ रोजी नवी दिल्ली येथे झाला, असे त्याने सांगितले. इंग्लंडची वर्तमानपत्रे धावली. १९३५ मध्ये हॅरी प्राइस हा भुताखेतांचा शोध घेणारा गृहस्थ स्वतः येऊन गेला. मुंगसाचे म्हणून दिलेले केस तपासले तेव्हा ते कुत्र्याचे, बहुधा घरच्याच कुत्र्याचे, निघाले. मला मात्र त्या जन्मगावाचे फार वाटते. १८५२ मध्ये नवी दिल्ली नव्हतीच. तिची पायाभरणी १९११ ची आणि उद्घाटन फेब्रुवारी १९३१ चे, म्हणजे जेफ बोलू लागला त्याच वर्षीचे. त्या दूरच्या शेतघरात नव्या राजधानीचे नाव वर्तमानपत्रातून पोहोचले असावे आणि कोणाच्या तरी कल्पनेत रुजले असावे.


मुरारच्या मावशी

मुंगूस दिसणे आपल्याकडे शुभ. लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगत असू. तेथे ते बिचारे बोलत होते आणि त्याने कोणाला तोंड दाखवले नाही.

माझ्या नातवाला रात्री सांगता येईल अशी एखादी गोष्ट असेल तर सांगा. कुत्र्याची नको, तो झोपणार नाही.


लष्करकर

मावशी, मग शिंप्याची गोष्ट घ्या. शेवट गोड आहे.

ग्रीबा डोंगराच्या पायथ्याशी सेंट ट्रिनियनचे चर्च आहे. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही; आम्ही ते पाहून आलो, आत गवत वाढले आहे. हे चर्च बांधले तेव्हा डोंगरातल्या एका बगेनला घंटेचा आवाज सहन होईना. बगेन म्हणजे केसाळ, सुळेदार, डोळ्यांतून जाळ निघणारा राक्षस. लोक छप्पर चढवायचे आणि रात्री तो ते उचकटून फेकून द्यायचा. तेव्हा टिमथी नावाच्या शिंप्याने पैज लावली की छप्पर पुरे होईल त्या पहिल्याच रात्री मी आत बसून एक तुमान शिवून दाखवीन. मेणबत्ती, कात्री, अंगुस्तान आणि कापड घेऊन तो आत मांडी घालून बसला. मध्यरात्री जमीन दुभंगली आणि एक भलेमोठे डोके वर आले. "माझं हे डोकं दिसतंय का रे?" टिमथी मान वर न करता म्हणाला, "दिसतंय, दिसतंय," आणि टाका घातला. खांदे वर आले. "माझे हे दात दिसतायत का?" "दिसतायत, दिसतायत," आणखी एक टाका. कंबर वर आली, एक पाय वर आला, आणि दुसरा पाय बाहेर पडणार तेवढ्यात टिमथीने शेवटचा टाका घालून दोरा तोडला, तुमान काखेत मारली आणि खिडकीतून उडी घेतली. मागे छप्पर कोसळल्याचा आवाज झाला. पुढे शिंपी, मागे बगेन, असे ते मारोनच्या चर्चपर्यंत आले. शिंप्याने भिंतीवरून पवित्र आवारात उडी टाकली. बगेनला आत पाय ठेवता येईना, तेव्हा त्याने संतापाने स्वतःचेच डोके उपटून भिंतीवरून फेकले. ते शिंप्याच्या पायाशी पडून फुटले आणि त्याला खरचटलेही नाही. बगेन पुन्हा कोणाला दिसला नाही, पण चर्चला छप्पर काही चढले नाही.

नातवाला सांगताना "दिसतंय, दिसतंय" प्रत्येक वेळी त्याला म्हणायला लावा.


बडोद्याची सून

सगळ्या कथा गोड लागत असताना एक कडू गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. १६१७ मध्ये त्याच बेटावर, कॅसलटाऊनच्या बाजारचौकात, मार्गारेट आयन क्वेन या बाईला चेटकीण ठरवून तिच्या लहान मुलासह जाळण्यात आले. लोकसमजुतीचे हेही एक टोक आहे. आपल्या आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या अजूनही येतात, तेव्हा जिनीच्या गाण्याचे कौतुक करताना मला ती आई आणि तो मुलगा विसरता येत नाही.


लष्करकर

ताई, तुम्ही लिहिले ते योग्यच केले. मी त्यात एवढेच जोडतो की तेथल्या २६ डिसेंबरच्या प्रथेच्या मुळाशीही अशीच एक बाई आहे. टेही टेगी नावाच्या मोहिनीने बेटावरच्या पुरुषांना भुलवून पाण्यात नेऊन बुडवले आणि शिक्षा टाळण्यासाठी ती रेन नावाच्या चिमणीपेक्षाही लहान पक्ष्याचे रूप घेऊन उडाली, अशी कथा आहे. त्या पापासाठी शेकडो वर्षे दरवर्षी त्या दिवशी खऱ्या रेन पक्ष्याची शिकार होई, त्याची पिसे कोळी वर्षभर जवळ बाळगत म्हणजे नाव बुडत नाही, आणि उरलेला पक्षी दफनभूमीत पुरत. आता कोणी पक्षी मारत नाही. फिती आणि पाने बांधलेल्या काठीवर खोटा पक्षी ठेवतात आणि रस्त्यात तिच्याभोवती फेर धरून नाचतात. क्रौर्य काढून टाकता येते आणि फेर ठेवता येतो, हे त्या लोकांनी करून दाखवले आहे.


किल्लेदार

नावाच्या महिम्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या किल्ल्याची कथा या धाग्यात यायलाच हवी. सूरजसेन राजाला कोड झाले होते. गडाच्या टेकडीवर ग्वालिपा नावाच्या साधूने त्याला कुंडातले पाणी पाजले आणि तो बरा झाला. साधूने त्याला सांगितले की तुझे वंशज जोवर आपल्या नावापुढे 'पाल' लावतील तोवर हा गड त्यांच्याकडे राहील. त्र्याऐंशी राजांनी ते पाळले. चौऱ्याऐंशीव्याचे नाव तेजकरण ठेवले गेले, आणि गड गेला. तिकडे नाव घेतले की संकट येते, इकडे नाव टाकले की येते. साधूचे स्वतःचे नाव मात्र आपण सगळे रोज घेतो, कारण ग्वाल्हेर हे नाव त्याच्यावरूनच पडले असे मानतात.


प्रवासी सखा

लष्करकर काका, माझा मुलगा मेअखेरीस मोटारसायकलींच्या शर्यती पाहायला तेथे जाणार आहे. १९०७ पासून चालत आलेल्या या शर्यतीतले स्वारही त्या पुलावर नमस्कार करायला जातात असे तो म्हणत होता. त्याने नेमके काय म्हणावे? आणि लव्हाळ्याचा तो सारा अजून देतात का?


लष्करकर

सकाळ असेल तर 'मोरा माय' म्हणावे, म्हणजे शुभ सकाळ. मराठीतही म्हणाला तरी चालेल, आमच्या सौ.ने प्रत्येक वेळी "नमस्कार हो मंडळी" असेच म्हटले आणि तीन महिन्यांत आमची एकही बस चुकली नाही.

लव्हाळ्याबद्दल विचारलेत ते बरे केलेत. ५ जुलै हा टिनवाल्डचा, म्हणजे त्यांच्या संसदेच्या उघड्यावरच्या सभेचा दिवस. सेंट जॉन्स गावी चार पायऱ्यांची एक गोल टेकडी आहे. सतराही परगण्यांतली माती आणून ती रचली आहे असे मानतात. वर्षभरातले नवे कायदे त्या दिवशी तेथे इंग्रजीत आणि मँक्समध्ये मोठ्याने जाहीर होतात. अठरा महिन्यांच्या आत टेकडीवरून उच्चारला न गेलेला कायदा रद्द होतो. कोणाची तक्रार असेल तर तो साधा माणूसही टेकडीच्या पायथ्याशी येऊन अर्ज देऊ शकतो. चर्चपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर ताजे हिरवे लव्हाळे अंथरलेले असते आणि न्यायाधीश, मंत्री, पाहुणे सगळे त्यावरून चालत जातात. मॅनॅननचा सारा तो हाच, असे आमच्या शेजारच्या बाईंनी सांगितले. त्यांनी आम्हां दोघांच्या कोटाला एका पाल्याची डहाळी टाचली होती. तो पाला 'बोलन बेन', दृष्ट लागू नये म्हणून लावतात. सौ.ने तो चुरगाळून हुंगला आणि मला म्हणाली, "हा तर आपला दवणा." मुलीने फोनवर पाहून सांगितले की खरोखरच दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत.

मिरवणूक गेल्यावर वाट मोकळी झाली. पायांखाली चेपलेल्या लव्हाळ्यातून पाणी निघाले होते आणि ओल्या गवताचा वास सुटला होता. मी एक काडी उचलावी म्हणून वाकलो, तर बाईंनी माझ्या दंडाला हळूच हात लावला आणि मान हलवली. दिलेला सारा परत घेत नाहीत. मी काडी होती तेथे ठेवली.

तुमच्या मुलाला एवढे जरूर सांगा. आणि बोटीने जाणार असेल तर बोटीवर उंदराचे नाव घेऊ नकोस, हेही.